नवशिक्याने कर्नल स्वतः कंपाइल करावा की नाही?

स्नेहलतागंज:
इंदूरात कॉलेजची पोरं आता लिनक्स टाकून राह्यलीत हे बघून बरं वाटतं, पण जो तो त्यांना सांगतो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हात लावू नका. मला हे पटत नाही. उबंटूवर (लिनक्सचा एक तयार संच, म्हणजे डिस्ट्रो) थोडा हात बसला की कर्नल एकदा स्वतः कंपाइल करावाच, म्हणजे सोर्स कोडपासून बनवावाच. कर्नल डॉट ऑर्गवरून सोर्स आणा, बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) त्यात डॉट कॉन्फिग नावाने ठेवा, मेक ओल्डकॉन्फिग, मग मेक, मग मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) इन्स्टॉल, शेवटी मेक इन्स्टॉल. डिस्ट्रोचा कर्नल काढायचा नाही, नवा उठला नाही तर ग्रबच्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना निवडा, काम चालू.

रामबाग:
म्हणायला सोपं आहे दादा. उबंटूची कॉन्फिग उचलली की बिल्ड अडकतं सिस्टम ट्रस्टेड कीज या सेटिंगवर, कारण तिथे कॅनॉनिकलच्या (उबंटू बनवणारी कंपनी) सर्टिफिकेट फाइलचा पाथ असतो आणि ती फाइल कर्नल डॉट ऑर्गच्या सोर्समध्ये नसतेच. नवीन पोरगा काय करणार, नेटवरून एक ओळ उचलून चिकटवणार. पुढे सिक्युअर बूट (सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठत नाही, परत दुसरी ओळ चिकटवा. यात शिकला काय? शेल (कमांड लिहून काम करणं), परमिशन, लॉग (सिस्टमच्या नोंदी) वाचणं शिकू दे ना, नोकरीत रोज तेच लागतं.

स्नेहलतागंज:
अरे पण एररमध्ये त्या फाइलचं नाव लिहून येतं, ते वाचायला लावा की! कॉन्फिगमध्ये ती ओळ स्वतः शोधून रिकामी केली की कळतं, डिस्ट्रोचा कर्नल म्हणजे मूळ कर्नल, वर त्यांचे पॅच आणि त्यांची सही. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

सुदामानगर:
मी रामबागच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. डिस्ट्रोच्या कर्नलला सिक्युरिटी अपडेट आपोआप येतात, हाताने बनवलेल्याला कोण देणार? ६.१२ सारख्या लाँगटर्म (जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या) शाखेतही सारखे फिक्स येत असतात, दर वेळी पुन्हा बिल्ड करायला हवं, आणि पोरं तसं करत नाहीत. ज्या लॅपटॉपवरून घरचे बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे नको, व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करा.

स्नेहलतागंज:
काका, अपडेटचं शंभर टक्के मान्य, रोजच्या कामाला डिस्ट्रोचाच कर्नल ठेवावा. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये तुमचं वायफाय नाही, टचपॅड नाही, ड्रायव्हरची खरी गंमत तिथेच निघून जाते. घरात जुना लॅपटॉप पडला असेल तर तो घ्या. मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरलं तर फक्त आत्ता लोड असलेले मॉड्यूल राहतात, म्हणून पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफायचा डोंगल सगळं आधी लावून ठेवा, नाहीतर नव्या कर्नलमध्ये ते ओळखलंच जाणार नाही. आणि डीबग इन्फो (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद करा, नाहीतर डिस्क भरते.

रामबाग:
जुना लॅपटॉप चालेल. तरी माझं म्हणणं तेच, आधी लॉग वाचता यायला हवेत. रूट एफएस (मुख्य फाइलसिस्टम) माउंट होत नाही म्हणून कर्नल पॅनिक आला, म्हणजे कर्नल अडकून बंदच पडला, की पोरगा घाबरतो आणि लिनक्सच सोडतो, असे बघितलेत मी.

स्नेहलतागंज:
तो पॅनिक आला तर जुन्या कर्नलवर जाऊन बूट फोल्डरमध्ये बघायचं, नव्या व्हर्जनची इनिट्रॅमएफएस फाइल (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) आहे का. नसेल तर अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवून बनवायची, मग अपडेट-ग्रब. फाइल असेल आणि तरी उठत नसेल तर डिस्कचा किंवा फाइलसिस्टमचा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये राहिलाय. कोणी अडकलं तर स्क्रीनचा फोटो इथे टाका, मी बघतो.