सोनं नव्हे, सोन्यावरचा लेप

नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, जितके बारीक तितके विषारी, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे कांडीसारखे नॅनोकण, बघा. ते बनवताना सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन वापरतात; जंतुनाशकातल्या सेट्रिमाइडचं सख्खं भावंडच. 2009 च्या एका प्रयोगात हे रॉड माणसाच्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर घातले, पेशी मेल्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रॉड तळाशी बसवले आणि वरची नुसती निवळी पेशींना दिली. तरी जवळपास तितक्याच मेल्या! म्हणजे मारेकरी सुटं सीटॅब, सोनं बिचारं फुकट बदनाम. त्याच रॉडवर पॉलिमरचा थर चढवल्यावर विषारीपणा बराच उतरला, थर ऋणभारित असो वा धनभारित.

अर्थात भाराचा काहीच संबंध नाही असंही नाही. पेशीचं पटल बाहेरून ऋणभारित, त्यामुळे धनभारित कण त्याला जास्त चिकटतात. साधारण 2 नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांत धनभारित टोकांचे कण ऋणभारितांपेक्षा बरेच घातक निघाले होते. आकार तोच, बरं का.

म्हणून नॅनोकणांच्या विषारीपणावरचा शोधनिबंध हातात आला की सुटं रसायन निघून जावं म्हणून कण किती वेळा धुतले, ते मी आधी शोधतो.