मदत हवी आहे : भारत आणि नेदरलँड्स यांच्या अन्नव्यवस्थेतील कार्बन उत्सर्जनाची तुलना कोणत्या आधारावर करावी?

नमस्कार.

मी नाशिकमध्ये अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि माझ्या लघुप्रबंधासाठी भारत व नेदरलँड्स यांच्या अन्नव्यवस्थांतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची तुलना हा विषय मंजूर झाला आहे. नेदरलँड्स निवडण्याचे कारण घरचेच आहे. निफाड तालुक्यातील आमच्या बागेतली द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून रॉटरडॅमला जातात, तेव्हा त्याच घडाचा हिशेब दोन्ही देश कसा मांडतात हे पाहावे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता.

पहिली अडचण शीर्षकातच आहे. केवळ कार्बन डायऑक्साइड मोजला, तर आपली शेती आहे त्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसते, कारण आपल्या शेतीच्या उत्सर्जनात मोठा वाटा गुरांच्या रवंथातून व भातखाचरांतून निघणाऱ्या मिथेनचा आणि युरियासारख्या नत्रखतांमुळे निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा आहे. नेदरलँड्समध्ये गाईंचा मिथेन आहेच. पण तिथे नैसर्गिक वायूवर तापवलेली काचगृहे आणि पाण्याचा निचरा करून लागवडीखाली आणलेल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) जमिनी यांतून थेट कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. सर्व वायू कार्बन डायऑक्साइड समतुल्यात (तेवढीच उष्णता वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनात) आणायचे म्हटले, तर गुणकाचा, म्हणजे एक टन वायू किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरायचा याचा, प्रश्न येतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ मंडळाच्या पाचव्या अहवालानुसार शंभर वर्षांसाठी मिथेनचा गुणक २८ आहे, वीस वर्षांसाठी तो ८० च्या वर जातो, आणि त्यासरशी भारताचा आकडा फुगतो.

दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. २०१५ साली जगातील अन्नव्यवस्थेचे उत्सर्जन १८ अब्ज टन समतुल्य, म्हणजे मानवनिर्मित उत्सर्जनाच्या ३४ टक्के होते, हा एडगर-फूड या अन्नव्यवस्थेच्या उत्सर्जनाच्या जागतिक माहितीसंचाचा आकडा शेतापासून कचऱ्यापर्यंतच्या सर्व टप्प्यांची बेरीज आहे. देशांच्या राष्ट्रीय उत्सर्जन अहवालांत मात्र ‘अन्न’ असे खातेच नसते. आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या विजेसाठी जळालेला कोळसा ऊर्जेत जातो, खत कारखान्यातील प्रक्रियेचे उत्सर्जन उद्योगात, युरिया शेतात टाकल्यावर सुटणारा वायू शेतीत आणि कचरा डेपोत कुजणाऱ्या द्राक्षांचा मिथेन कचऱ्यात. आंतरराष्ट्रीय जहाजाचे इंधन तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही, त्याची नोंद निराळी होते. २०२४ मध्ये तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून माल गेला, तेव्हा जास्तीचा धूरही असाच बेवारस राहिला. डच जनावरांच्या खाद्यासाठी ब्राझीलमधून सोयाबीन येते; त्यासाठी तिथे जंगल तुटले असेल, तर ते ब्राझीलच्या खात्यावर.

तेव्हा तुलना उत्पादनाच्या आधारावर (उत्सर्जन जिथे होते त्या देशाच्या नावे) करावी की उपभोगाच्या (माल जिथे खाल्ला जातो त्या देशाच्या नावे)? दरडोई आकडा घ्यावा, तर सुमारे १ कोटी ८० लाख लोकसंख्येचा नेदरलँड्स निर्यातीसाठी पिकवलेल्या मालाचा भारही आपल्याच माणसांवर वाटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दोन देशांचे राष्ट्रीय अहवाल शेजारी ठेवून तुलना करू नका. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या उत्सर्जनाच्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालात मिथेनला २१ हा जुना गुणक लावलेला आहे, डच अहवाल आता २८ वापरतात; त्यामुळे फरकाचा काही भाग नुसत्या गुणाकाराचा निघेल. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) संकेतस्थळावर १९९० पासूनचे आकडे वायुनिहाय वजनात मिळतात. ते घ्या आणि दोन्ही देशांना एकच गुणक स्वतः लावा. शीर्षक बदलता येत नसेल, तर कार्बन डायऑक्साइडचे कोष्टक आधी आणि समतुल्याचे त्यालगत द्या. दोन्हींतली तफावत हाच तुमचा निष्कर्ष ठरू शकतो. उपभोगाच्या हिशेबासाठी व्यापाराची सविस्तर कोष्टके लागतात, लघुप्रबंधात ते झेपणार नाही. उत्पादनावरच थांबा आणि ही मर्यादा पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. माझ्या दोन कोष्टकांतील गुणोत्तरे का जुळत नव्हती, ते २१ आणि २८ वाचल्यावर उमगले. मी चूक बेरजेत शोधत होतो. उत्पादनाचा आधार धरतो. द्राक्षांच्या जहाजप्रवासाचे उत्सर्जन मात्र दोन्ही देशांच्या बेरजेबाहेर, स्वतंत्र ओळीत दाखवावे असे वाटते. रीफर (शीतकरणाची सोय असलेल्या) कंटेनरला शीतकरणासाठी लागणारी वीज जहाजाच्या इंधनातच मोजली जाते, की ती वेगळी धरावी लागेल?