क्रूझ बंद केलं की गाडी मागे खेचल्यासारखी का होते? इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅडास वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

रात्रपाळी

मी नर्स आहे. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला निघते. घर ५८ किलोमीटरवर, त्यातले चाळीसेक हायवेचे. आठ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ती खरं तर अ‍ॅडास, म्हणजे गाडी चालवायला मदत करणारी यंत्रणा, आहे म्हणूनच. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं क्रूझ आणि लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग (लेन सेंटरिंग), दोन्ही रोज वापरते. घरी पोचल्यावर मान आणि खांदे पूर्वी भरून यायचे, ते आता येत नाहीत. हे आधी सांगते, कारण पुढे सगळ्या तक्रारीच आहेत.

एका सकाळी ९०च्या स्पीडने पुलाखालून जात होते. समोर रस्ता मोकळा, पुलाची सावली आडवी पडलेली. सावलीच्या जरा अलीकडे गाडीने स्वतःहून ब्रेक मारला. मागच्या सीटवरची पिशवी खाली पडली, पट्टा छातीत रुतला. सेकंदभरच, मग गाडीने पुन्हा स्पीड घेतला. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यानंतर तिथून कितीतरी वेळा गेले, काही झालं नाही. पण पूल जवळ आला की अजून पोटात गोळा येतो.

दुसरं असं की, एकदा लेन बदलायची म्हणून क्रूझ बंद करायचं बटण दाबलं. पाय पेडलवर नव्हता. कोणीतरी मागून दोर ओढावा तशी गाडी खेचली गेली. मागच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. आरशात त्याची फक्त जाळी दिसत होती, इतका तो जवळ आला होता.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. गेल्या आठवड्यात घरी पोचले, गाडी लावली आणि लक्षात आलं की मधला दहा-बारा किलोमीटरचा रस्ता मला आठवतच नाहीये. हात स्टिअरिंगवर होते, कारण सोडले की सूचना येते. गाडी एकदाही ओरडली नाही. मी जागी होते की नव्हते, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही.

पहिल्या दोन गोष्टी बिघाड आहेत की या गाड्या अशाच असतात? आणि तुम्ही काय चालू ठेवता, काय बंद?

काचेमागचा कॅमेरा

ताई, माझं कामच कॅमेरा-रडार कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्यांची दिशा नेमकी जुळवायचं आहे, म्हणून आधी एक विचारतो. पुढची काच कधी बदलली का? कॅमेरा आरशामागे काचेलाच बसवलेला असतो. काच बदलली आणि कॅलिब्रेशन केलं नाही तर डॅशबोर्डवर काही दिसेलच असं नाही, पण कॅमेऱ्याचं बघणं वाकडं होतं. एक अंश फरक म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटर. जवळजवळ अर्धी लेन.

आता पुलाचं. बहुतेक गाड्यांतलं पुढचं रडार ७७ गिगाहर्ट्झचं असतं. समोरची वस्तू किती लांब आहे आणि कोणत्या वेगाने जवळ येतेय हे त्याला छान कळतं. ती रस्त्यावर आहे की डोक्यावर, हे मात्र बऱ्याच रडारना नीट कळत नाही. पुलाच्या लोखंडावरून प्रतिध्वनी येतो, त्याच क्षणी कॅमेऱ्याला उन्हातून अचानक काळा पट्टा दिसतो. दोघांचा मेळ चुकला की गाडीला वाटतं समोर काहीतरी उभं आहे. सकाळचं तिरपं ऊन असेल तर जास्तच.

अशी घाबरट ब्रेकिंग टाळायची म्हणून अनेक सिस्टिम मोठ्या वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. त्याचा अर्थ, रस्त्यात बंद पडून उभा असलेला ट्रक तुमच्या क्रूझला दिसेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात का होईना. मला उगाच लागलेल्या ब्रेकपेक्षा या न लागणाऱ्या ब्रेकची जास्त धास्ती वाटते. पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला झाली आणि तिच्यापुढे काही उभं असलं, तर तो ब्रेक तुम्हालाच मारायचाय.

तुमचा पूल एकदाच घडलाय. पण जागा, वेळ, ऊन कुठून होतं, सगळं लिहून ठेवा. वर्कशॉपमध्ये "कधीकधी होतं" एवढंच सांगितलं तर कोणी शोधत बसत नाही.

एकाच पेडलवाला

तुमची दुसरी गोष्ट बिघाड अजिबात नाही, आणि गाडी देताना हे कोणी सांगत नाही याचा मला फार राग येतो.

पेट्रोल गाडीत क्रूझ सोडलं की गाडी घरंगळत राहते. इलेक्ट्रिकमध्ये रीजन, म्हणजे मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरणं, जास्त ठेवलं असेल तर पाय वर असणं म्हणजेच ब्रेक. क्रूझ चालू असताना पाय वरच असतो, आणि मोटर वेग सांभाळत असते. तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी गाडीने पेडलकडे पाहिलं, तिथे पाय नाही, मग मोटर जनरेटर झाली. तिने तुमचाच हुकूम पाळला.

उपाय साधा आहे. बंद करण्याआधी उजवा पाय हलकेच अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवा, गाडी किंचित पुढे जातेय असं जाणवलं की मग बटण दाबा, आणि पाय हळूहळू उचला. मी रिकाम्या रस्त्यावर हे वीस-पंचवीसदा केलं, तेव्हा अंगवळणी पडलं. दुसरं, हायवेला रीजन सर्वांत कमी ठेवा. फक्त एक ध्यानात असू द्या: क्रूझ चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलात तर बहुतेक गाड्या तुमचं ऐकतात, तेवढा वेळ क्रूझ पुढच्या गाडीसाठी ब्रेक लावत नाही. म्हणून टेकवा, पण दाबून ठेवू नका.

मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक लाइट दिसला का, असं मनात आलं असेल. संयुक्त राष्ट्रांचा ब्रेकविषयीचा १३-एच हा नियम जिथे लागू आहे तिथे रीजनने दर सेकंदाला वेग ताशी साधारण ४.७ किलोमीटरपेक्षा जास्त घटत असेल, तर मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे. २.५ पर्यंत लागायचा नाही, मधल्या टप्प्यात कंपनीची मर्जी. म्हणजे गाडी जोरात खेचली गेली तेव्हा दिवा बहुधा लागला असणार. पण ९०ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तो केवढा जवळ येतो, ते तुम्ही आरशात पाहिलंतच.

तीन लाख किलोमीटर

वरच्या दोघांनी गाडीचं सांगितलं. मी तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो, कारण ती वाचून मला झोप लागली नाही.

पोरी, तू वापरतेस ती लेव्हल २ आहे. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या, गाडी किती स्वतः चालते हे सांगणाऱ्या ० ते ५ च्या पट्टीवर दोन म्हणजे स्टिअरिंग आणि वेग गाडी सांभाळते, पण नजर पूर्ण वेळ माणसाची. स्टिअरिंगवर हात आहे की नाही हे अनेक गाड्या हाताच्या नुसत्या वजनावरून ओळखतात, काही स्पर्शावरून. झोपलेल्या माणसाच्या हातालाही वजन असतं. म्हणून ती ओरडली नाही. डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा तुझ्या गाडीत आहे का, ते बघ, आणि असेल तर तो कधीही बंद करू नकोस.

माझं स्वतःचं सांगतो. एका लांबच्या प्रवासात पहाटे असंच लेन सेंटरिंगवर निघालो होतो. पुढे रस्त्याचं काम होतं, जुन्या पांढऱ्या रेषांवर नव्या पिवळ्या मारलेल्या. स्टिअरिंगवरचं हिरवं चिन्ह करडं झालं, एक बारीकसा टिंग आवाज आला आणि गाडीने हात सोडला. मला ते कळलं चाकाखाली खडी वाजली तेव्हा. शेजारी बायको झोपली होती. मी बाजूला थांबलो आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो, हात थरथरत होते.

तेव्हापासून नियम असा: थकलेलो असलो की लेन सेंटरिंग बंद. लेनबाहेर गेल्याची सूचना आणि आपत्कालीन ब्रेक कायम चालू. स्टिअरिंग हातात असलं की मला निदान समजतं, मी पेंगतोय ते. निघण्याआधी पार्किंगमध्ये पंधरा-वीस मिनिटं झोप काढ. घरी सांगून ठेव, उशीर होईल म्हणून.

पाऊसवाट

एकच भर. मुसळधार पावसात किंवा बंपरवर चिखल बसला की माझ्या गाडीचं रडार "सेन्सर झाकला आहे" म्हणून क्रूझ सोडून देतं. निघताना ओल्या फडक्याने बंपरचा तो भाग आणि आरशासमोरची काच पुसते, दहा सेकंदांचं काम. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की अ‍ॅडासचे नाही नाही ते एरर येतात. माझ्याकडे एकदा पाच आले होते, बॅटरी बदलली आणि सगळे गेले.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी लिहितेय. काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

काच बदलली होती! खडा उडून तडा गेला होता, मी विसरूनच गेले होते. बिल शोधलं, त्यात काच आणि मजुरी आहे, कॅलिब्रेशनचं नावच नाही. ते आता करून घेतलं. त्या दिवशी सावलीपाशी झालं ते यामुळेच, असं ठामपणे म्हणणार नाही, पण लेन सेंटरिंग पूर्वी उजव्या रेषेकडे झुकायचं ते आता मधोमध चालतं. मला वाटायचं, गाडीची चालच तशी आहे.

पाय टेकवून क्रूझ सोडायला जमायला लागलंय. पहिले दोन दिवस पाय जास्त दाबला जात होता, आता बोटांनाच ओळख झालीय.

काका, सकाळी लेन सेंटरिंग बंद ठेवते. पहिल्याच दिवशी कळलं की मी किती थकलेली असते. फाट्याच्या आधी दोनदा गाडी रेषेवर गेली, स्टिअरिंग थरथरलं, आणि मी चहाच्या टपरीपाशी थांबून झोपले. वॉर्डमधल्या सोबतिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या गाडीत तर असलं काहीच नाही आणि तिचंही असंच होतं. आता आम्ही दोघी निघण्याआधी गाडीतच वीस मिनिटं झोपतो, अलार्म एकीच्या फोनवर.

दादा, एक राहिलं. रीजन सर्वांत कमी ठेवलं तर घाटउतारावर क्रूझ स्वतः वेग धरतं, की तिथे रीजन वाढवून घ्यावं? रविवारी जायचंय.