मदत हवी आहे: आण्णांची साखर, पोटरीतली कळ आणि कॅल्सिट्रिऑल

नमस्कार मंडळी.

आमच्या आण्णांचं वय ६७, साखर १४ वर्षांपासून. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.८ आली. पहाटे रंकाळ्याला फेरी मारल्याशिवाय चहा नाही, असा माणूस. पण दिवाळीपासून अर्ध्या वाटेत पोटरी धरते. कठड्यावर दोन मिनिटं टेकले की कळ जाते, पुन्हा चालले की पुन्हा येते. "शिरा आखडल्यात," एवढंच म्हणतात.

जूनमध्ये रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ११ निघालं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, असं लिहून दिलं होतं. आठ आठवडे कधीच उलटले, पण आण्णांची पुडी दर रविवारी दुधातून चालूच आहे. बरं वाटतं म्हणे! मला हे परवा कळलं.

त्यात दाजींनी नवीन काढलंय. डी व्हिटॅमिनचं यकृतात २५-हायड्रॉक्सी होतं, मग मूत्रपिंडात त्याचं कॅल्सिट्रिऑल होतं आणि खरं काम तेच करतं. साखरेनं मूत्रपिंड दमतं, म्हणून थेट कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या द्या, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारेल, असं त्यांचं म्हणणं.

मी थोडं वाचलं. अस्तराच्या पेशींवर कॅल्सिट्रिऑलला प्रतिसाद देणारे रिसेप्टर असतात, हे खरं. पण व्हायटल या अमेरिकन चाचणीत २५,८७१ लोकांना रोज २००० युनिट डी किंवा नुसती दिसायला तशीच गोळी दिली, पाच वर्षं पाहिलं, तरी हार्ट अटॅक नि पक्षाघात कमी झाले नाहीत. अर्थात ते साधं डी होतं, आणि बहुतेकांना साखरही नव्हती. मग कॅल्सिट्रिऑलचं काय धरायचं?

प्रतिसाद:
दाजींची साखळी बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. साध्या डीचं कॅल्सिट्रिऑल किती करायचं ते शरीर बघून ठरवतं. थेट गोळीत तो लगाम सुटतो आणि रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. मूत्रपिंडाच्या आजारात देतात, तेही कॅल्शियम तपासत. स्वतःहून नकोच. पुडीही आजच थांबवा, आणि कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी तपासणी), डी तिन्ही बघा.

पोटरीचं मात्र टाळू नका. चालताना कळ आणि थांबल्यावर आराम, हे रोहिणी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात, ०.९ च्या खाली आलं तर अडथळा धरतात. जुन्या साखरेत रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचून आकडा फसवा, जास्तच येतो, तेव्हा डॉप्लरचंही (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) विचारा. तंबाखू आहे का?

धागाकर्ता:
आहे. मळून खातात, आईला वाटतं सुटली. पुड्या काढून घेतल्या, सोमवारी नंबर लावलाय. डॉप्लर कोल्हापुरात कुणी नुकतंच केलं असेल तर साधारण खर्च सांगा.