पीएलसी + व्हीएफडी: कमी वेगाला मोटर हेलकावे खाते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कन्व्हेयरच्या मोटरचा वेग पीएलसीतून (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमधून) स्थिर ठेवायचा आहे. कमी वेगाला ते काही केल्या जमत नाहीये, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

मोटर 2.2 किलोवॅट, तीन फेज इंडक्शन, 4 पोल, 50 हर्ट्झ, नेमप्लेटवर 1430 आरपीएम. ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) साध्या व्ही/एफ मोडमध्ये, म्हणजे व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात. पीएलसीचं अ‍ॅनालॉग आउटपुट 0 ते 10 व्होल्ट, 0 ते 4000 काउंट (पीएलसीतला आकडा) म्हणजे 0 ते 50 हर्ट्झ. मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर (फिरण्यानुसार पल्स देणारा सेन्सर) आहे. त्याचे पल्स हायस्पीड काउंटरने मोजून आरपीएम काढते आणि तोच पीआयडीचा (हव्या आणि प्रत्यक्ष वेगातला फरक बघून आउटपुट सुधारणाऱ्या लूपचा) फीडबॅक. पट्ट्यावरचा माल कलंडू नये म्हणून ड्राइव्हचा अ‍ॅक्सेलरेशन आणि डिसेलरेशन टाइम दोन्ही 30 सेकंद ठेवलेत.

1200 आरपीएमला वेग थोडाफार हलतो, पण काम चालून जातं. 250 ला मात्र माल पट्ट्यावर आला की वेग 150 ते 350 असा वरखाली होत राहतो. एक पूर्ण फेरा साधारण 8 सेकंदांचा, आणि ट्रेंडवर आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. पीआयडी मॅन्युअलला टाकून सरळ 10 हर्ट्झ दिले तर हेलकावे थांबतात, डिस्प्लेवर फक्त 0.2 हर्ट्झची चुळबुळ उरते. तेव्हा रिकाम्या पट्ट्याला 290 च्या आसपास आरपीएम मिळतात, पूर्ण लोडवर 220.

काहींच्या मते हा सिग्नलमधला नॉइज आहे, केबल बदला. काही म्हणतात पीआयडीचा गेन (फरकाला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) कमी करा. गेन कमी केला तर हेलकावे मंदावतात, पण माल आल्यावर वेग पडतो आणि सावरायला फार वेळ घेतो. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद

तुमच्या मॅन्युअलच्या चाचणीनेच नॉइजचा प्रश्न निकाली काढलाय. नॉइज असता तर तो भराभर आणि वेडावाकडा दिसला असता, 8 सेकंदांचा ठेका धरून नव्हे. ती 0.2 हर्ट्झची चुळबुळ मात्र नॉइजच असावी. शील्ड एकाच टोकाला अर्थ केलंय ना आणि सिग्नलची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच डक्टमधून जात नाही ना, हे सवडीने बघा.

आता आकडे मांडू. 4 पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग (आतलं चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग) 50 हर्ट्झला 1500. तुमच्या ड्राइव्हला 0 ते 50 जायला 30 सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला 50 आरपीएम. 150 वरून 350 ला चढायला 4 सेकंद, उतरायला 4. तुमचे 8 सेकंद तेच! पीआयडी क्षणात आउटपुट वाढवतो, ड्राइव्ह आपल्या रॅम्पनेच (30 सेकंदांच्या ठरलेल्या चढानेच) चढतो, तोवर पीआयडीतला इंटिग्रल (साचत जाणाऱ्या फरकाची बेरीज) फुगत जातो आणि वेग पलीकडे निघून जातो. सरळ तिरप्या रेषांचा आलेख हीच रॅम्पची खूण आहे.

कमी वेगालाच हे का? पूर्ण लोडला स्लिप (सिंक्रोनस वेगापेक्षा मोटर जेवढी मागे राहते ते) 70 आरपीएम आहे (1500 उणे 1430). तेवढ्याच टॉर्कला ती 10 हर्ट्झलाही जवळपास तेवढीच राहते, म्हणजे 300 मधले 70 गेले. 1500 मध्ये ती 5 टक्क्यांच्या आत होती, इथे 23 टक्के. शिवाय कमी फ्रिक्वेन्सीला स्टेटरच्या रेझिस्टन्समध्ये व्होल्टेज पडून व्ही/एफ मोडचा टॉर्क आणखी ढिला होतो. म्हणून माल आला की धक्का मोठा बसतो.

माझ्या मते गेनला हात लावण्याआधी रॅम्पची जागा बदला. 30 सेकंदांचा रॅम्प पीएलसीत सेटपॉइंटवर (हव्या वेगाच्या आकड्यावर) लावा, म्हणजे माल कलंडणार नाही, आणि ड्राइव्हचा टाइम 2-3 सेकंदांवर आणा. थांबताना डीसी बस ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप आला (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज फार चढून ड्राइव्ह बंद पडला) तर फक्त डिसेलरेशन थोडा वाढवा. मग पीआयडीला सगळं काम देऊ नका. 250 आरपीएमसाठी 667 काउंट सरळ गणिताने पाठवा, पीआयडीने त्यात फक्त भर घालायची किंवा वजा करायची, मर्यादा अधिक-उणे 250. स्लिपचे 70 आरपीएम म्हणजे 187 काउंट, त्यामुळे एवढी पुरते. मर्यादा गाठली की इंटिग्रल गोठला पाहिजे. डेरिव्हेटिव्ह (फरक किती झपाट्याने बदलतोय त्यावर चालणारा पीआयडीचा भाग) शून्यच ठेवा.

धागाकर्ती

आभार! आधी फक्त रॅम्प पीएलसीत आणला आणि ड्राइव्हला 3 सेकंद दिले. तेवढ्यानेच करवत गेली. मग तुमच्या पद्धतीने 667 ची बेरीज लावली. आता माल येताना वेग 235 पर्यंत पडतो आणि लगेच सावरतो. सेन्सरलेस व्हेक्टर मोड (ड्राइव्ह मोटरचा करंट मोजून टॉर्क सांभाळतो तो) घेतला तर हेही सुधारेल का? आणि मोटर अशी तासन्‌तास कमी वेगाला चालवली तर चालेल ना?

प्रतिसाद

व्हेक्टर मोडने नक्की फरक पडेल. नेमप्लेटचे आकडे भरून ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हला मोटर स्वतः मोजू देणं) करा, शक्यतो मोटर पट्ट्यापासून सोडवून. मोड बदलल्यावर पीआयडीचे गेन पुन्हा बघावे लागतील.

दुसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्या. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल तर 250 आरपीएमला वारा जवळजवळ नाहीच, आणि पूर्ण टॉर्कला करंट मात्र तेवढाच. स्वतंत्र सप्लायवरचा ब्लोअर बसवा आणि वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) असेल तर तो ड्राइव्हला जोडून ठेवा. नेहमीचा ओव्हरलोड रिले फक्त करंट बघतो, वारा कमी पडल्याचं त्याला कळणार नाही.