छंदाच्या लोखंडकामासाठी १५ हजारांत कोणती हत्यारं घ्यावीत? (नागपूर)

पडवीतली_कार्यशाळा
नमस्कार. मानेवाड्याला तळमजल्यावर राहते. मागे पत्र्याची पडवी आहे, १० बाय ८ फुटांची. तिथे लोखंडकाम सुरू करायचं आहे, धंदा म्हणून नाही, छंद म्हणून. पहिलं काम ठरलेलं आहे: डेझर्ट कूलरसाठी २ फूट उंचीचा स्टँड. नंतर कुंड्यांची मांडणी आणि खिडकीचे ब्रॅकेट. सध्या घरात १० मिमी चकची इम्पॅक्ट ड्रिल आणि एक पक्कड, एवढंच. बजेट १५,००० रुपये, त्यात बिट, डिस्क, चष्मा सगळं आलं. ग्राइंडर, व्हाईस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), वेल्डिंग मशीन यांत आधी काय घेऊ? दुकानातून की ऑनलाइन? शेजार भिंतीला भिंत लागून आहे, आवाजाचा विचार करावा लागेल.

हिंगणा_फॅब
ताई, आधी ग्राइंडर. ४ इंची, चांगल्या कंपनीचा, दोन-अडीच हजारांत येतो. कापणं, घासणं, गंज काढणं, वेल्ड साफ करणं, सगळं त्यानेच होतं. ४ इंचीच्या डिस्कचं भोक १६ मिमीचं असतं, ५ इंचीचं २२ मिमीचं, डिस्क घेताना तेवढं बघा. कापायला १ ते १.२ मिमी जाडीची डिस्क, घासायला ६ मिमीची, फिनिशिंगला ६० आणि ८० ग्रिटची फ्लॅप डिस्क (पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची). कापायच्या पातळ डिस्कने कधीही आडवं घासायचं नाही, ती बाजूचा दाब सोसत नाही, तडकते. गार्ड काढायचाच नाही.

आर्क_बुटीबोरी
ग्राइंडर ठीक आहे, पण जोडणार कशाने? इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्या, २०० अँपिअरचं सहा-सात हजारांत मिळतं. २.५ मिमीचा ६०१३ रॉड (साध्या लोखंडाचा नेहमीचा) ६० ते ९० अँपिअरवर चालतो, १.६ मिमीच्या चौकोनी पाइपला ६५-७० पुरतात. जास्त ठेवलं की पाइपला भोक पडतं.

घरच्या वायरिंगचं मात्र आधी बघा. ८० अँपिअरवर रॉड चालवताना मशीन लाइनमधून १४-१५ अँपिअर ओढतं. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तेवढं निघतं, पण ३.१५ चा रॉड १२० वर लावला की २० च्या पुढे जातं आणि एमसीबी पडतो. मीटरपासून ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. त्याचा खर्च वेगळा धरा.

महालचे_काका
सगळे वीज लागणाऱ्या हत्यारांवरच बोलून राहिले. बाप्पा, वस्तू धरणार कशात? व्हाईस नसेल तर ग्राइंडरही धोक्याचा अन् ड्रिलही. पहिला पैसा व्हाईसवर. ५ इंची घ्या, ४ इंची लवकरच लहान पडतो.

दुकानात घेताना असं तपासा. जबडे मिटताना मध्ये कागदाची पट्टी धरा, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या. दोन्हीकडे कागद सारखा घट्ट बसला पाहिजे, एकीकडून निघून आला तर जबडे समांतर नाहीत. मग व्हाईस अर्धा उघडा अन् पुढचा जबडा वर-खाली हलवून बघा, खुळखुळला तर ठेवून द्या. जुना घेत असाल तर हँडल उलट फिरवा, अर्धा फेरा होऊनही जबडा जागचा हलला नाही तर आतला नट झिजला. अंगावर पितळी रंगाची सांधलेली रेघ दिसली तर तो एकदा तडकलेला आहे, फुकट दिला तरी नको.

टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, मधल्या फळीवर नाही. जबड्याचा वरचा काठ तुमच्या कोपराच्या उंचीला. हँडलवर पाइप घालून कधी आवळू नका, बिडाचा व्हाईस तिथेच फुटतो.

टर्नर_वाडी
छंदच करायचा तर बेंच लेथ (टेबलावरचं खरादाचं यंत्र) घ्या. लाख-सव्वा लाखात छोटा येतो, त्यावर बुश, पिन, नॉब सगळं करता येतं. बाकी हत्यारांनी काम होतं, पण मोजमापात काम लेथवरच होतं. माझ्याकडे आहे, त्याच्याशिवाय आता पान हलत नाही.

पडवीतली_कार्यशाळा
दादा, बजेट १५ हजार आहे, सव्वा लाख नाही. लेथ करणार काय, मला स्टँड बनवायचा आहे.

टर्नर_वाडी
मग निदान बेंच ड्रिल तरी घ्या, १३ मिमीची. हातातल्या ड्रिलने भोक सरळ जात नाही.

शून्य_गेज
३ मिमीच्या लोखंडाला हातातली ड्रिल चालते. पंच मारून खूण करा, आधी ३ मिमीचं भोक, मग हव्या मापाचं. इम्पॅक्टचा खटका बंद ठेवा, हातोडीचे ठोके लोखंडात बिटची धार मारतात. साध्या लोखंडाला एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटचा वेग साधारण मिनिटाला २५ मीटर धरतात, म्हणजे ६.५ मिमीला १२०० फेरे, ९ मिमीला ९०० च्या आत. तुमची ड्रिल पूर्ण दाबली की २५०० च्या पुढे जाते, म्हणून ट्रिगर अर्धाच दाबा आणि तेलाचा थेंब सोडत राहा. चुरा लांब वळ्यात निघाला तर बरोबर चाललंय. पिठासारखा निघाला, बिट निळं पडलं, तर वेग जास्त आहे किंवा दाब कमी.

बिट पलीकडे निघताना अडकतं आणि पट्टी गरकन फिरते. म्हणून खाली लाकूड आणि वर सी-क्लॅम्प, हाताने धरायचं नाही.

हिंगणा_फॅब
आणि कातडी हातमोजे घाला.

शून्य_गेज
ड्रिलवर हातमोजे नाही! फिरणाऱ्या बिटमध्ये मोजा गुंतला तर बोटासकट ओढला जातो. ग्राइंडरवर घट्ट कातडी मोजे, वेल्डिंगला लांब बाह्यांचे, ड्रिलवर मोकळे हात.

हिंगणा_फॅब
ड्रिलचा कीस हाताला कापतो, त्याचं काय?

शून्य_गेज
कीस ब्रशने काढायचा, तोही मशीन थांबल्यावर. हात लावायचाच कशाला.

ऑनलाइन_नकोच
ऑनलाइन डिस्क मागवू नका. मला आलेल्या पाकिटातल्या डिस्कच्या मधल्या रिंगवरची तारीख उलटून गेलेली होती, परतही घेतल्या नाहीत. रेझिनच्या डिस्कवर वापराची मुदत छापलेली असते, बनवल्यापासून साधारण ३ वर्षं. ओल लागलेली जुनी डिस्क वेगात फुटू शकते. शिवाय डिस्कवर लिहिलेला आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. ४ इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो.

निळा_कोट
मी पण म्हणतो ग्राइंडर घ्या. त्याच्याशिवाय लोखंडाचं काही होत नाही.

आर्क_बुटीबोरी
पाइप घ्याल तेव्हा जीआय (जस्त चढवलेला) घेऊ नका, काळा (बिनजस्ताचा) घ्या. जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप येतो. जीआयच वापरायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा. पावसाळ्यात रॉड दमट होतात, डबा बंद ठेवा. रॉडच्या पुड्यावर आयएस ८१४ (वेल्डिंग रॉडचं भारतीय मानक) असल्याची खात्री करा.

शून्य_गेज
वेल्डिंग नको असेल तर ताईंना एक गोष्ट आधीच सांगतो. चौकोनी पाइपला नट-बोल्टने जोडायला जाऊ नका. १.६ मिमीच्या भिंतीत एम-६ चे (६ मिमी जाड बोल्टचे) आटे पाडले तर दीडच आटा बसतो, तो पहिल्याच आवळण्यात निघून येतो. आरपार बोल्ट आवळला तर पाइप दबतो. बोल्टने करायचं असेल तर अँगल (एल आकाराची पट्टी) घ्या, २५ बाय २५ बाय ३ मिमी.

पडवीतली_कार्यशाळा
हे उपयोगाचं आहे. कूलरमध्ये ६० लिटर पाणी, वर कूलरचं वजन, म्हणजे ८० किलो धरते. अँगल आणि एम-८ बोल्ट पुरतील का?

शून्य_गेज
अँगल पुरतो, बोल्ट एम-६ घ्या. २५ च्या अँगलची आतली सपाट जागा जेमतेम २२ मिमी असते, एम-८ चा १६ मिमीचा वॉशर कोपऱ्यातल्या गोलाईवर चढतो आणि नीट बसत नाही. भोकाच्या कडेलाही लोखंड कमी उरतं. एम-६ ला ६.५ मिमीचं भोक पुरतं. ८० किलो चार पायांवर वाटले की पायाला २० किलो आले, एम-६ ला ते काहीच नाही.

तुमची खरी अडचण वजनाची नाही, डुलण्याची आहे. प्रत्येक कोपऱ्यात एकच बोल्ट असेल तर तो जोड बिजागरीसारखा फिरतो. पंख्याच्या कंपनाने स्टँड तिरका होईल. चारही बाजूंना २५ बाय ३ च्या पट्टीचा एकेक तिरका आडण लावा. २ बाय २ फुटांच्या चौकटीत तो साधारण ८५ सेंमी लागतो. आणि नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने सैल होत नाहीत).

महालचे_काका
अँगल लोहा ओळीत वजनावर घ्या, इतवारीत. ६ मीटरचा पूर्ण दांडा साडेसहा किलोच्या आसपास भरला पाहिजे. बराच कमी भरला तर जाडी ३ नाही. पाय अन् आडवे मिळून सव्वासात मीटर लागतील, म्हणजे दोन दांडे. वाहतुकीसाठी मधून कापून मागा.

भट्टीवाला
ऐरण म्हणून रुळाचा तुकडा घ्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

महालचे_काका
रुळाचा तुकडा कबाड्याकडून बिनकागदाचा घेऊ नका. १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा आहे, चोरीचा निघाला तर तुमच्याकडे सापडला म्हणून तुम्हालाच खुलासा द्यावा लागतो. २५ मिमी जाडीची प्लेट पुरते.

पडवीतली_कार्यशाळा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: ग्राइंडर घेत नाही, वेल्डिंग मशीनही नाही. पडवीत कूलरच्या वुडवूलच्या ताट्या ठेवलेल्या असतात, ठिणग्या तिथे नकोत, आणि आवाजही शेजारी खपवून घेणार नाहीत.

घेणार ते: ५ इंची व्हाईस. हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) चौकट आणि बायमेटल ब्लेड, इंचाला २४ दात्यांची. कानशी तीन, १२ इंची सपाट बास्टर्ड (जाड दात्यांची), १० इंची अर्धगोल सेकंड कट (मध्यम), ८ इंची स्मूथ (बारीक), मुठींसकट. ६ इंची गुण्या, स्टीलची पट्टी, पंच, आखणी सुई, अर्धा किलोचा बॉल पेन हातोडा, ४ इंची सी-क्लॅम्प दोन. एचएसएस बिट ३, ५, ६.५ मिमी. एम-६ चे आटे पाडायचा तीन टॅपचा संच आणि हँडल. बाजूने बंद चष्मा. हे ११-१२ हजारांत बसेल असं वाटतं, उरलेल्यात अँगल आणि बोल्ट.

हिंगणा_फॅब
हाताने कापायला दोन दांडे? खांदे भरून येतील. ग्राइंडरने तेच काम अर्ध्या तासात होतं. अजून विचार करा.

महालचे_काका
बरोबर केलं, पोरी. कापताना अँगल असा धरा की ब्लेड सपाट पाटीवर आडवं चालेल, ३ मिमीच्या धारेवर उभं नाही. निदान तीन दाते कायम लोखंडावर राहिले पाहिजेत, नाहीतर दाते मोडतात. ब्लेडचे दाते पुढच्या दिशेला, दाब पुढे जाताना, परतताना सैल. मिनिटाला ५० च्या आसपास मार पुरे. कानसही तशीच, परतताना उचलायची. नव्या कानशीला खडू चोळा, कीस दातांत अडकत नाही.

शून्य_गेज
टॅप चालवताना भोक ५ मिमीचं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, नाहीतर कीस दाटतो आणि टॅप आत मोडतो, मोडलेला काढणं फार कटकटीचं. स्टँडच्या जोडांना टॅप वापरू नका, तिथे नट-बोल्टच. टॅप ब्रॅकेटच्या कामाला.

आर्क_बुटीबोरी
वेल्डिंगशिवाय कूलर स्टँड म्हणजे दर उन्हाळ्याला नट आवळणं. माझं मत बदलत नाही.

शून्य_गेज
नायलॉक नट लावल्यावर आवळायला लागत नाहीत. पण पाणी गळतं, ते बघा. जोडायच्या आधी प्रत्येक तुकडा सुटा असतानाच रेडऑक्साइड मारा, भोकांच्या आतूनही, आणि पूर्ण वाळल्यावरच बोल्ट घाला. जोडून झाल्यावर रंग मारला तर दोन अँगलच्या मधल्या फटीत रंग जात नाही, पाणी जातं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. पायांखाली रबराच्या टोप्या घाला, त्यांना बाजूने एक बारीक भोक पाडून.