मदत हवी आहे: टोरांटोतल्या हिरव्या स्वेट बी ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी. आमच्या परसात ॲस्टरच्या फुलांवर चकचकीत हिरव्या, छोट्या मधमाश्या येतात, म्हणजेच स्वेट बी (माणसाच्या घामाकडे ओढल्या जाणाऱ्या माश्या). डोकं आणि छाती हिरवीगार, पोट काळं, त्यावर पांढरे पट्टे. ही ॲगापोस्टेमॉन व्हायरेसेन्सची मादी, एवढं नक्की. टोरांटोची ती अधिकृत मधमाशीच आहे! अडचण तिच्या भाऊबंदांची. ॲगापोस्टेमॉनच्याच टेक्सॅनस आणि स्प्लेंडेन्स या जातींच्या माद्या पोटापर्यंत अख्ख्या हिरव्या, ऑगोक्लोरा प्युरा ही दुसऱ्या गटातली स्वेट बीही तशीच. ॲगापोस्टेमॉनचे नर तर सगळेच पोटावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे. मोबाइलच्या फोटोवरून यांना वेगळं काढता येतं का? फोटोत नेमकं काय यायला हवं, पाठ, मागचे पाय की पंखांच्या शिरा? मारून टाचणीला लावायची माझी अजिबात तयारी नाही.

दुसरं म्हणजे, व्हायरेसेन्सच्या बऱ्याच माद्या जमिनीतलं एकच दार वापरतात, आत प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं, अगदी चाळीसारखं. असं एक बीळ वाफ्याच्या कडेला आहे आणि तिथे लाकडाच्या भुश्याचा थर घालायचा बेत होता. किती जागा उघडी ठेवू? फलित माद्या हिवाळा जमिनीतच काढतात, मग आजूबाजूचं खणकाम कधी करावं? कॅनडा-अमेरिकेतल्या बागवाल्यांनी जरूर सांगा.